पत्र्याचं मिग-२१, एकास दहा: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

हौसेने सुरू केलेली आणि शेवटी माळ्यावर जाऊन पडलेली पत्र्याची विमानं सांगली-मिरजेकडे कमी नाहीत. बहुतेकांची अवस्था एकसारखी असते. नाक घासूनपुसून तयार, पुढच्या फूट-दीड फुटावर पत्रा चढलेला, आणि चाकांचा पत्ता नाही. पत्रा बंद झाला की चाकांचे पाय बसवायला आत हात जात नाही, पंखाचा बोल्ट आवळायला पाना फिरत नाही. मग पत्रा उचकटायचा, तो वाकतो, आणि काम तिथेच थांबतं. डोळ्याला आवडतं ते आधी करायचा मोह सगळ्यांनाच असतो. इथे क्रम उलटा दिला आहे: न दिसणारं सगळं आधी, पत्रा जवळजवळ शेवटी.

उदाहरणाला मिग-२१ बिस (या लढाऊ विमानाचा नंतरचा एक प्रकार) घेतलं आहे, १:१० प्रमाणात, शोभेचं, न उडणारं. नळीसारखं धड आणि सरळ कडांचा त्रिकोणी पंख असल्यामुळे यातला बराचसा पत्रा एकाच दिशेने वाकतो, म्हणून पहिल्या मोठ्या कामाला हे विमान सोयीचं. शिवाय २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाने शेवटच्या मिग-२१ना निरोप दिला, तेव्हापासून ज्याला त्याला हेच करायचं असतं. उडणाऱ्या मॉडेलला ही पद्धत लावू नका. त्याचं वजनाचं गणित आणि नियम सगळेच वेगळे.

टप्पा १: एकच प्रकार ठरवा, एकच माप आधार धरा

इंटरनेटवरून चार फोटो उतरवले तर चार वेगवेगळ्या प्रकारांचे निघतात. सुरुवातीच्या एफ-१३ या प्रकाराचं हवा आत घेणारं तोंड ६९० मिलिमीटर व्यासाचं, पुढच्या प्रकारांचं ८७०. एफ-१३ ची मागची चाकं ६६० मिमीची, नंतरच्यांची ८०० बाय २००. ही मोठी चाकं धडात मावेनात, म्हणून पंखाच्या मुळाशी धडावर फुगवटे आले. फुगवटे काढून खाली लहान चाकं लावलेलं मॉडेल जाणकाराला लांबूनच कळतं. एफ-१३ ची कॅनपी (वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) पुढच्या काचेसकट उचलली जाते. बिसची पुढची काच जागेवर राहते आणि कॅनपी उजवीकडे उघडते. पाठीवरचा कणाही बिसला चांगला जाड आहे. आपल्याकडे एफएल या आणखी एका प्रकाराला टाइप ७७ आणि बिसला टाइप ७५ म्हणतात, तेव्हा फोटो साठवताना हे नंबर फाइलच्या नावातच टाका. प्रत्यक्ष पाहायचं तर दिल्लीच्या पालम इथल्या हवाई दल संग्रहालयात मिग-२१ आहे.

लांबी आधार धरू नका. पुढची लांब पिटोट नळी (हवेचा वेग मोजणारी) धरून की सोडून मोजली, हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं नसतं, त्यामुळे आकडे जुळत नाहीत. पंखांचा पसारा मात्र ठाम आहे: ७.१५४ मीटर. म्हणजे आपल्या मॉडेलला ७१५.४ मिमी. ड्रॉइंग वाढवताना ते याच मापाला आणा. मग बाकीची मापं अशी पडतात: तोंड ८७ मिमी, मागची चाकं ८० मिमी व्यासाची आणि २० रुंद, पुढचं चाक ५० बाय १८.

तपासणी: प्लॉटरवर प्रिंट काढणारा मुलगा 'फिट टू पेज' दाबतो आणि सगळं दोन-तीन टक्क्यांनी आक्रसतं. ड्रॉइंगवर आडवी आणि उभी अशा १०० मिमीच्या दोन रेषा आधीच टाकून ठेवा आणि दुकानातच पट्टी लावून बघा. दोन्ही बरोबर आल्या तरच पैसे द्या.

पंखाच्या पुढच्या कडेचा कोन ५७ अंश आहे. हा कोन धडाला काटकोनात असलेल्या रेषेपासून मोजायचा. धडाच्या मध्यरेषेपासून ५७ मोजला तर पंख भलताच बाहेर उघडतो, आणि ही चूक ड्रॉइंगवर पटकन दिसत नाही. म्हणून कोनमापक बाजूला ठेवून लांबीने पडताळा: धडापासून टोकापर्यंतचं आडवं अंतर २९५ मिमी असेल, तर तेवढ्यात पुढची कड ४५४ मिमी मागे गेली पाहिजे.

टप्पा २: सामान, आणि ते घेताना काय बघायचं

धडाला ०.५ मिमीचा मऊ अ‍ॅल्युमिनियम पत्रा लागतो. दुकानात गेज सांगून मागू नका, कारण चोवीस नंबर म्हणून काय हातात पडेल याचा नेम नसतो. व्हर्निअर किंवा मायक्रोमीटर खिशात ठेवा. शुद्ध किंवा मँगनीजवाला पत्रा, म्हणजे ११०० किंवा ३००३, या कामाला चालतो. दुकानदाराला नंबर माहीत नसेल तर एक पट्टी कापून घ्या, पूर्ण दुमडा, बोटाने दाबा आणि परत उघडा. पहिल्याच घडीला चीर पडली तर तो कडक पत्रा, ठोकायला निरुपयोगी.

आठ बाय चार फुटांचा एक पत्रा ०.५ जाडीत साधारण ४ किलो भरतो. मॉडेलचं सगळं अंग मिळून सव्वा चौरस मीटरच्या आसपास आणि पत्रा जवळपास तीन चौरस मीटर. निम्म्याहून जास्त उरेल असं वाटतं, पण तेवढा बिघडण्यासाठी लागतोच. दुचाकीवर घट्ट गुंडाळून आणू नका. बाक एकदा बसला की तो सपाट करण्यातच पत्रा कडक होऊन जातो. वरची प्लास्टिकची फिल्म शेवटपर्यंत काढायची नाही.

पायांसाठी पितळी नळ्या, एकात एक सरकणाऱ्या. पायांतल्या चकचकीत दांड्यांना आणि पिटोटला स्टेनलेसच्या बारीक नळ्या लागतात, आणि त्यासाठी मिरजेसारखं गाव नाही. दवाखान्यांच्या गल्लीत कुठल्याही मेडिकल दुकानात कोऱ्या सुया सगळ्या जाडीच्या मिळतात. टोक घरी आणल्याबरोबर कापून टाका.

हातोडी कितीही साधी चालेल, पण तिचं तोंड आरशासारखं पाहिजे. तोंडावर एक ओरखडा असेल तर प्रत्येक ठोक्याला तो पत्र्यावर छापला जातो. पाण्याच्या कागदाने (ओला करून वापरायचा पॉलिशपेपर) घासून, पॉलिश करून ती हातोडी वेगळी ठेवा आणि घरात खिळे ठोकायला कुणाला देऊ नका.

टप्पा ३: सपाट पाया

दीड मीटर लांबीचं विमान प्लायवुडच्या टेबलावर जुळवलं तर टेबलाचा बाक विमानात उतरतो. ओट्याचं काम करणाऱ्यांकडे ग्रॅनाइटचे लांब तुकडे पडलेले असतात, त्यातला एक घ्या. कडप्पा स्वस्त पडतो, पण तो बऱ्याचदा लाटेसारखा असतो. पॉलिश केलेलं ग्रॅनाइट बरं. स्टीलची पट्टी उभी धरून तिच्यामागे टॉर्च लावा. खालून उजेड झिरपला तर तिथे खळगा आहे. दगड पसंत पडला की त्यावर ताणलेल्या दोऱ्याने मध्यरेषा मारा. इथून पुढे प्रत्येक माप या रेषेपासून.

टप्पा ४: सांगाडा

धडाच्या आत २५ मिमीची चौकोनी अ‍ॅल्युमिनियम नळी हा कणा. गोल नळी घेतली तर फ्रेमा (धडाला आकार देणाऱ्या, कण्यावर आडव्या बसणाऱ्या प्लायच्या चकत्या) फिरतात. पण ती तोंडापासून शेपटीपर्यंत नेऊ नका. पुढे हवेचं तोंड आणि मागे नोझल (इंजिनाचं मागचं तोंड), दोन्हींतून आत नजर जाते. दोन्ही टोकांना वीसेक सेंटिमीटर आधीच थांबवा.

फ्रेमा ६ मिमीच्या वॉटरप्रूफ प्लायच्या, दर ६०-७० मिमीवर एक, लेझरवर कापून घ्या.

इथेच सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक: ड्रॉइंगवरचं माप हे विमानाच्या बाहेरच्या अंगाचं असतं. फ्रेम त्याच मापाला कापली आणि वर पत्रा चढवला की व्यास १ मिमीने वाढतो. पत्रा तोंडाच्या कड्यापाशी पोचतो तेव्हा पायरी दिसते, आणि मग पुटी भरत बसावं लागतं. प्रत्येक फ्रेमच्या कडेतून सगळीकडे ०.५ मिमी वजा करूनच कापायला द्या.

पाय आणि पंख जिथे अडकणार त्या फ्रेमा दुहेरी, १२ मिमीच्या करा आणि त्यांत एम-४ चे नट आधीच बसवा. पंखांच्या दोन दांड्यांसाठी आरपार नळ्याही आत्ताच, आणि त्या २ अंश खाली झुकलेल्या. मिगचे पंख टोकाकडे उतरतात, वर चढत नाहीत.

तपासणी: लाकडाची पातळ लवचीक पट्टी फ्रेमांवरून लांबीने फिरवा. पट्टी कुठे अधांतरी राहते, कुठे उंच फ्रेमवर डुलते ते बघा. उंच ती घासा, खाली असेल तिथे प्लायची सालपट चिकटवा. हे बारा बाजूंनी करायचं कंटाळवाणं काम आहे. पण इथला अर्धा मिलिमीटर पॉलिश केलेल्या पत्र्यावर हातभर लांबून दिसतो.

टप्पा ५: पितळी पाय

पायांवर पूर्ण मॉडेलचं वजन येतं, म्हणून सोल्डरिंगच्या बंदुकीने जोडलेले पाय टिकत नाहीत. चांदीच्या झाळेने (ज्योतीवर वितळून सांधा धरणारा चांदीचा मिश्रधातू) जोडा. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यात गलाईचं (सोनं-चांदी गाळण्याचं) काम जाणणारा माणूस घरटी सापडतो. यात्रेला नाहीतर दिवाळीला गावी आलेला एखादा गाठा आणि तो ज्योत कशी फिरवतो ते अर्धा दिवस शेजारी बसून बघा. लिहून सांगण्यापेक्षा ते चटकन कळतं. तरी क्रम असा:

१. सांधा कोरडा जुळवा. नळीत नळी सहज सरकावी पण डुलू नये. झाळ ही बारीक फटीत ओढली जाते. मोठी भोकं ती बुजवत नाही.

२. पाण्याच्या कागदाने दोन्ही भाग चकाकेपर्यंत घासा. नंतर बोट लावायचं नाही.

३. टाकणखार पाण्यात कालवून सांध्याला लावा. झाळेचे तांदळाएवढे तुकडे कापून सांध्यालगत आधीच ठेवा.

४. दोन्ही टोकं बंद होणार असलेल्या नळीला कुठेतरी मिलिमीटरभराचं भोक पाडा. आत कोंडलेली हवा तापली की सांधा उडतो, आणि तो तोंडाच्या दिशेने उडू शकतो.

५. ज्योत आधी जाड भागावर, गोल फिरवत. पातळ नळी आपोआप तापते. पितळ मंद लाल झालं की झाळ पाण्यासारखी पळते, आणि त्या क्षणी ज्योत बाजूला. हे काम सावलीत, थोड्या अंधारात करा, कारण उन्हात मंद लाल रंग दिसत नाही आणि दिसेपर्यंत पितळ वितळायला आलेलं असतं.

६. थंड झाल्यावर तुरटीच्या गरम पाण्यात टाका. काळपट थर सुटतो. बाहेर काढायला लोखंडी चिमटा नको, पितळेवर तांब्याचा लाल थर बसतो.

सावधान: सोनारी झाळेत कॅडमियम असू शकतं; केडीएम म्हणतात ते त्याच्यावरूनच. त्याचा धूर फुप्फुसांना घातक असतो. कॅडमियमविरहित झाळ मागून घ्या आणि काम मोकळ्या हवेतच करा. ज्योतीखाली भट्टीची वीट ठेवा. शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर ज्योत मारली तर दगडाचे कपचे उडतात.

एकाच पायावर अनेक सांधे असतील तर जास्त उष्णतेचे आधी. ब्रेकच्या बारीक नळ्या, पट्ट्या वगैरे साध्या कथिलाच्या सोल्डरने सगळ्यात शेवटी. आणि नळीच्या आत ताकदीसाठी ३ मिमीची स्प्रिंग स्टीलची दांडी घालायची ती सगळी झाळ संपल्यावर, इपॉक्सीने. आधी घातली तर ज्योतीने तिचा ताव उतरतो आणि ती साधी तार होऊन बसते.

तपासणी: पाय सांगाड्याला बोल्ट करा, वर दोन विटा ठेवा आणि रात्रभर सोडा. सकाळी दोन्ही बाजूंची उंची दगडावरून मोजा. फरक पडला असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

टप्पा ६: लेथवरची कामं

तोंडाचं कडं, चाकांच्या चकत्या, नाकाचा शंकू. कुपवाड एमआयडीसीत लहान कामं घेणारे टर्नर आहेत, पण त्यांच्यापुढे विमानाचा फोटो धरून उभं राहू नका. "चित्र नको साहेब, माप द्या. आणि कुठून धरू ते सांगा," हेच उत्तर येणार, आणि ते रास्त आहे. कागदावर तीन मापं लिहा: बाहेरचा व्यास ८७, आतला व्यास, एकूण लांबी. ओठाच्या गोलाईचा फर्मा १ मिमी पत्र्यातून कापून सोबत द्या. धरायला मागे दोन बोटं जास्तीचा गज ठेवा, आधी आतलं बोअर, मग बाहेरचं, मग ओठ, आणि तोडायचं सगळ्यात शेवटी. आधी तोडून मग ओठ घडवायला गेलं की पातळ कडं चकमध्ये (लेथच्या पकडीत) दबून अंडाकृती होतं.

नाकाचा शंकू लाकडाचाच करा. खऱ्या विमानातही तो धातूचा नाही, आत रडार असतं म्हणून, आणि त्यावर रंगच असतो. सागाचा किंवा शिसवीचा तुकडा चालतो.

नोझलच्या पाकळ्यांना ०.३ मिमी स्टेनलेस घ्या. ज्योतीने तापवलं की त्यावर आधी पिवळसर, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. मागच्या टोकाकडून तापवा आणि पाहिजे तो रंग येण्याच्या थोडं आधी थांबा, कारण ज्योत काढल्यावरही रंग पुढे सरकत राहतो.

टप्पा ७: पंख

पंख मुळापासूनच पातळ आहे आणि टोकाशी दोन-तीन मिलिमीटरच उरतो. मधे ३ मिमीचं प्लाय, टोकाकडे घासून पातळ केलेलं, त्यावर दोन्ही अंगांनी उतरत्या पट्ट्या, आणि वरून एकच पत्रा पुढच्या कडेवरून दुमडून वर-खाली. पुढची कड सरळ असल्यामुळे ही एक सरळ घडी आहे. या विमानाने दिलेली मोठी सवलत. घडी १ मिमीच्या तारेवरून मारा, धारदार कोपऱ्यावरून नको.

घडीची रेघ मार्करने आखा. आखणीची सुई फक्त जिथे कापायचं तिथे. सुईने पाडलेल्या चरावर पत्रा दुमडला की तिथेच चिरतो, लगेच नाही तर चार महिन्यांनी.

कापताना लक्ष द्या: दोन डावे पंख बनवणं फार सोपं आहे. कागदी नमुना पत्र्यावर ठेवण्याआधी त्याच्या दोन्ही अंगांवर 'डावा वर', 'उजवा वर' असं ठळक लिहा आणि दोन्ही पंख एकाच वेळी, आरशातल्यासारखे शेजारी ठेवूनच आखा.

तपासणी: मुळाशी एक आणि टोकाशी एक अशा दोन सरळ पट्ट्या पंखावर आडव्या ठेवा आणि मागून एका डोळ्याने बघा. पट्ट्या समांतर दिसल्या नाहीत तर पंखाला पीळ आहे. चिकट पूर्ण सुकण्याआधी तो दगडावर वजन ठेवून निघतो, नंतर नाही.

टप्पा ८: कोरडी जुळणी

एक थेंबही चिकट न लावता सगळं जोडा: पाय, चाकं, पंख, शेपटी, कडं, नोझल. मग मोजा. नाकाच्या टोकापासून डाव्या आणि उजव्या पंखटोकापर्यंतचं अंतर सारखं आहे का. दोन्ही टोकं दगडापासून सारख्या उंचीवर आहेत का, आणि मुळापेक्षा दहाएक मिमी खाली आहेत का. उभी शेपटी गुण्यात (काटकोनात) आहे का. मग पंख सोडा आणि परत लावा. प्रत्येक बोल्टला पाना पोचतो का, हे पत्रा नसताना नाही, तर पत्र्याच्या जागी पुठ्ठा गुंडाळून बघा.

हवेच्या तोंडाच्या आतला भाग, कॉकपिटची फरशी, चाकांच्या खणातले पाइप, सगळा आतला रंग आत्ता. कॉकपिटबद्दल इथे जास्त लिहीत नाही. त्यात लोकांचं सहसा चुकत नाही, उलट तिथेच ते रमतात. कॅनपीसाठी २ मिमी अ‍ॅक्रिलिक ओव्हनमध्ये मऊ करून घासलेल्या लाकडी साच्यावर ओढायचं, एवढं पुरे.

टप्पा ९: धडावर पत्रा

आधी उन्हाचा हिशोब. अ‍ॅल्युमिनियम तापमानाच्या प्रत्येक अंशाला दर मीटरला साधारण ०.०२३ मिमी वाढतं. जानेवारीच्या पहाटे आणि एप्रिलच्या दुपारी सांगलीत वीस अंशांचा फरक सहज पडतो. १.४ मीटर लांब अखंड पत्रा तेवढ्यात ०.६ मिमीहून जास्त वाढतो, आतलं प्लाय जवळजवळ वाढत नाही. इपॉक्सीने सगळीकडे जखडलेला पत्रा मग फ्रेमांच्या मधे फुगतो. 'पत्रा खराब लागला' म्हणून लोक दुकानदाराला बोल लावतात, दोष पद्धतीत असतो.

उपाय दोन. पॅनेल वीस-पंचवीस सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवू नका. खऱ्या विमानालाही सांधे आहेतच, तेच वापरा. आणि प्रत्येक पॅनेल एकाच फ्रेमवर इपॉक्सीने पक्कं करा, बाकीच्या फ्रेमांवर गाडीच्या काचेला वापरतात तो पीयू सीलंट लावा. तो पकडतोही आणि थोडं सरकूही देतो.

प्रत्येक पॅनेलचा क्रम असा ठेवा.

१. जाड कागदाचा नमुना फ्रेमांवर गुंडाळून कापा. तो बसल्याशिवाय पत्र्याला हात लावू नका.

२. पत्रा कात्रीने कापू नका, कड वेटोळी होते. वाकड्या टोकाच्या कटरने पट्टी धरून पाच-सहा वेळा चर पाडा आणि टेबलाच्या कडेवर खाली-वर करून तोडा. गोलाईपुरती कात्री, तीही दोन मिलिमीटर बाहेरून, उरलेलं कानशीने.

३. बाक द्यायला पीव्हीसी पाइप वापरा, धडाच्या मापापेक्षा लहान. पत्रा सोडला की थोडा उघडतो, म्हणून जास्तच वाकवावा लागतो. ठिबकच्या आणि पाइपलाइनच्या कामातले ९० आणि ११० मिमीचे तुकडे आपल्याकडे कुठल्याही शेतात सापडतील.

४. चिकट लावायच्या अगदी आधी आतली बाजू घासा. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने लगेच थर धरतो; सकाळी घासून संध्याकाळी चिकटवलेला पत्रा पुढेमागे सुटतो.

सुरुवात पंखाच्या जागेपासून करा आणि दोन्ही टोकांकडे जा. नाकापासून सुरू केलं तर साठत गेलेला फरक पंखाच्या छिद्रांवर येऊन पडतो, आणि ती हलवता येत नाहीत. टोकाचं पॅनेल मात्र कड्याला बघून हवं तसं कापता येतं. आधी पोटाखालचे, मग बाजूचे, पाठीवरचे शेवटी, म्हणजे पाठ उघडी असेपर्यंत आत हात जातो.

सावधान: पितळ किंवा लोखंड अ‍ॅल्युमिनियमला थेट टेकवू नका. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात तिथे पांढरी पूड धरते. मधे इपॉक्सीचा किंवा प्रायमरचा थर हवाच.

टप्पा १०: ठोकून काढायचे भाग

फुगवटे, पंखाच्या मुळाची भरणी, पाठीच्या कण्याची टोकं. यांना दोन दिशांचा बाक आहे, म्हणून पत्रा ताणावाच लागतो.

साचा कठीण लाकडाचा, आणि इथेही पत्र्याची जाडी वजा करूनच. पत्रा चारी बाजूंनी १५ मिमी मोठा कापा.

मग तो मऊ करायचा. अ‍ॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही. ६६० अंशांना अचानक कोसळतं. म्हणून कपडे धुण्याच्या साबणाची वडी पत्र्यावर घासून रेघा ओढा. लांबून ज्योत फिरवत राहा. साबण तपकिरी होऊन काळा पडला की थांबा, तेवढी उष्णता पुरे. पाण्यात बुडवलं तरी चालतं. आता पत्रा हाताने शिशासारखा वाकेल.

वाळूच्या घट्ट चामडी पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने कडेकडून मध्याकडे, गोल फेऱ्यांत, हलके ठोके. एकाच जागी जोरात मारलं तर तिथे पोचा पडतो आणि पत्रा पातळ होतो. कडेला सुरकुती उठायला लागली की तिथल्या तिथे सपाट करा. ती दुमडली तर तो तुकडा टाकूनच द्या, वाचत नाही. ठोक्याचा आवाज बदलतो: मऊ पत्रा बद्द वाजतो, कडक झाला की खणखणतो. खणखणला की पुन्हा साबण, पुन्हा ज्योत. लोक नेमके इथे हट्ट करतात, आणखी चार ठोके मारून बघतात, आणि पत्रा कडेपासून फाटतो.

आकार साधारण आला की साच्यावर चढवून पॉलिश केलेल्या हातोडीने बारीक, एकमेकांवर चढणारे ठोके. जास्तीची कड शेवटी कापा.

टप्पा ११: रिवेट आणि झिलई

या विमानाचे बाहेरचे रिवेट बहुतेक पत्र्याबरोबर सपाट आहेत. आतून ठोकून काढलेले टपोरे ठिपके पाण्याच्या टाकीला शोभतात. शिंप्याचं दातेरी चक्र पट्टीच्या आधाराने बाहेरून हलकं फिरवा, दोन-अडीच मिमीच्या अंतराने ठिपके येतील असं. पत्रा फ्रेमवर बसवण्याआधी, सपाट असताना हे करा. बसवल्यावर चक्र फ्रेमांच्या मधे पत्रा दाबतं. म्हणजे हे काम खरं तर टप्पा ९ च्या मधलं आहे, इथे लिहिलं ते झिलईशी त्याचा संबंध आहे म्हणून: जास्त घासलं तर ठिपके पुसले जातात.

झिलई ८०० आणि १२०० च्या पाण्याच्या कागदाने, प्रत्येक पॅनेलला एकच दिशा. शेजारच्या पॅनेलची दिशा थोडी बदला, म्हणजे उजेडात छटा वेगळ्या दिसतात. सगळीकडे बफ मारून आरसा केला तर ते स्टीलच्या डब्यासारखं दिसतं. जिथे रंग जाणार तिथे एच प्रायमर (धातूला धरून बसणारा 'etch' प्रायमर) आधी, नाहीतर रंग नखाने निघतो. लाख किंवा वार्निश मी उघड्या पत्र्यावर लावत नाही. ते वर्षभरात पिवळं पडतं.

टप्पा १२: उभं करणं आणि हलवणं

मॉडेल कायमचं चाकांवर उभं ठेवू नका. कण्याच्या नळीला खालून एम-८ चा नट आधीच बसवलेला असेल तर तळातून एक खुंटी येऊन वजन घेते, आणि टायर टेकल्यासारखे दिसतात. हा नट टप्पा ४ मध्ये बसवायचा असतो, तेव्हा त्या यादीत आत्ताच लिहून ठेवा.

हलवताना पंख काढा. धड उचलायचं ते पायांना किंवा नाकाच्या कड्याला धरून नाही, दुहेरी फ्रेमांच्या खाली हात घालून. त्या कुठे आहेत हे पत्रा चढल्यावर बाहेरून कळत नाही, म्हणून पोटाखाली दोन बारीक खुणा करून ठेवा, आणि उचलायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी त्या दाखवा. सुती हातमोजे घाला. घामाचे ठसे उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर दोन दिवसांत उमटतात आणि मग ते पॅनेल पुन्हा १२०० ने घासावं लागतं.